दर खानेसुमारीत पूर्वजाचं जन्मगाव वेगळं निघतं, तेव्हा काय करायचं

माणूस तोच, बायको तीच, मुलांची नावं तीच, धंदाही तोच. जन्मगाव मात्र दर दहा वर्षांनी नवं. इंग्लंडच्या जुन्या खानेसुमारीत घराण्याचा माग काढायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथे येऊन अडते. मी एकोणीस वर्षं लिसेस्टरमध्ये राहते. सासरच्या घराण्याचा शोध घेताना मीही याच जागी दोन वर्षं अडकून पडले होते. पुढे सून किंवा जावई इंग्रज असलेल्या ओळखीच्या काही मराठी घरांसाठी हेच काम केलं, आणि अडचण दर वेळी हीच निघाली. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

सासऱ्यांचे पणजोबा लिसेस्टरमध्ये बुटांच्या कारखान्यात होते. वरच्या चामड्याला तळवा खिळ्यांनी ठोकून बसवणं हे त्यांचं काम. खानेसुमारीत त्यांचं जन्मस्थळ असं सापडलं:

1871: माहीत नाही
1881: लिसेस्टर, लिसेस्टरशायर
1891: वायमंडम, लिसेस्टरशायर
1901: विंडम, नॉरफोक
1911: नॉरिच, नॉरफोक

पाच नोंदी आणि पाच उत्तरं. तेव्हा मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात: मतमोजणी. दोन नोंदींत लिसेस्टरशायर आहे, लिसेस्टरशायरमध्ये वायमंडम नावाचं गाव खरोखर आहे, मेल्टन मोब्रेच्या पूर्वेला, आमच्यापासून गाडीने तासाभरात. म्हणजे हेच. एका रविवारी आम्ही सासऱ्यांना घेऊन तिथे गेलो. चर्चच्या आवारात त्यांना आपल्या आडनावाचा एक दगड दिसला. शेवाळाने अर्धा झाकलेला होता. त्यांनी हातमोजा काढला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, की आपलं मूळ इतकं जवळ असेल असं वाटलं नव्हतं.

ते गाव आमचं नव्हतं. त्या दगडाखालच्या माणसांशी आमचं काही नातं नव्हतं. हे कळायला आणखी वर्ष गेलं, आणि ते सासऱ्यांना सांगणं मला फार जड गेलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, यासाठी हा खटाटोप.

आधी हे बघा: कोणी सांगितलं, कोणी लिहिलं, कोणी वाचलं

जन्मस्थळाच्या रकान्यातला शब्द तुमच्या संगणकावर येईपर्यंत तीन हातांतून गेलेला असतो. यातला प्रत्येक हात वेगळा तपासायचा.

पहिला हात सांगणाऱ्याचा. खानेसुमारीच्या रात्रीआधी प्रगणक घरोघर छापील तक्ता देऊन जायचा आणि नंतर तो गोळा करायचा. तक्ता भरायची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. ज्याला लिहिता येत नसे त्याचा तक्ता प्रगणक स्वतः विचारून भरायचा, किंवा घरातलं शाळेत जाणारं पोर भरायचं. 1841 च्या सुमारास लग्नाच्या नोंदवहीत साधारण एक तृतीयांश नवरदेव आणि जवळजवळ निम्म्या नवऱ्या सहीच्या जागी फुली मारत होत्या. तेव्हा ‘त्याने असं लिहिलं’ असं धरून चालू नका. आमच्या 1871 च्या नोंदीत पणजोबा एका विधवेच्या घरी भाड्याने राहत होते. तक्त्याची धनीण ती. भाडेकरू कुठे जन्मला हे तिला ठाऊक नव्हतं, तिने तसं सांगितलं, आणि रकान्यात ‘एन. के.’ पडलं, म्हणजे माहीत नाही. ही नोंद खोटी नाही. ती त्यांची नाही एवढंच.

दुसरा हात लिहिणाऱ्याचा. घरोघरचे मूळ तक्ते 1901 पर्यंतचे बहुतेक सगळे नष्ट झाले. आज आपण पाहतो ती प्रगणकाने त्या तक्त्यांवरून उतरवलेली वही. उतरवताना माणूस कंटाळतो. वरच्या ओळीत जे आहे तेच खाली असेल तर ‘डू’ लिहायचं, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. असे डू एकाखाली एक उतरत जातात आणि एखादी ओळ चुकून त्यात ओढली जाते. आमच्या 1881 च्या पानावर नेमकं हेच असावं असं मला वाटतं. पान मोठं करून पाहिलं तर शेजारच्या घरातली पाच माणसं लिसेस्टरची, त्यांच्याखाली आमचे पणजोबा ‘डू डू’, त्यांच्याखाली बायको ‘डू डू’, मुलं ‘डू डू’. बायको आणि मुलं खरोखर लिसेस्टरची होती. एकट्या पणजोबांच्या ओळीत हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही.

प्रगणक स्वतःची अक्कलही चालवायचा. 1891 मध्ये तक्त्यावर नुसतं गाव होतं की कोणी तोंडी सांगितलं, हे आता कळायला मार्ग नाही. पण लिसेस्टरच्या प्रगणकाच्या डोक्यात वायमंडम म्हटलं की लिसेस्टरशायरचं वायमंडम येणार. आपल्याकडे नुसतं ‘वडगाव’ म्हटलं की मावळातल्या माणसाला मावळातलं आठवतं आणि हातकणंगल्याच्या माणसाला त्याच्याकडचं, तशीच गत. इंग्लंडात अशी नावं ढिगाने आहेत. न्यूपोर्ट वाइट बेटावर आहे, श्रॉपशायरमध्ये आहे, एसेक्समध्येही आहे. व्हिटचर्च हॅम्पशायरमध्ये आहे आणि श्रॉपशायरमध्येही. ॲशफर्ड केंटमध्ये आहे, तसंच जुन्या मिडलसेक्समध्येही. सटन आणि नॉर्टन तर मोजायला बसू नका.

तिसरा हात आपल्याच काळातला. शोधपेटीत जे सापडतं ते कोणीतरी ती वही वाचून टंकलेलं असतं. नॉरफोकचं संक्षिप्त रूप आणि नॉरदॅम्प्टनशायरचं संक्षिप्त रूप घाईच्या अक्षरात सारखंच दिसतं. टंकलेल्या मजकुरावर कधीही निर्णय करू नका. मूळ पानाचं चित्र उघडा, त्याच प्रगणकाची आधीची दोन-तीन पानं वाचा, त्याचा ‘एल’ कसा आहे, ‘एस’ कसा आहे ते डोळ्यात बसू द्या, मग आपल्या ओळीकडे या. हे मी सांगते आहे तेवढ्याने निम्म्या अडचणी सुटतात, खरंच.

1911 चा तक्ता मात्र वेगळा. त्या वर्षीचे मूळ घरगुती तक्ते जपून राहिले आहेत, म्हणून कुटुंबप्रमुखाचं स्वतःचं अक्षर आणि सही पाहायला मिळते. आमच्या पणजोबांनी थरथरत्या हाताने ‘नॉरिच’ लिहिलं होतं. मला वाटलं, आता यावर कडी नाही, माणूस स्वतः सांगतोय. पण विचार करा. मूळचा भोरचा माणूस पन्नास वर्षं नागपुरात राहिला, तर कुठले तुम्ही म्हटल्यावर ‘पुण्याचा’ म्हणून मोकळा होतो. समोरच्याला कळेल ते मोठं गाव सांगायचं, ही तर साधी रीत. शिवाय वय 66, आणि पुढे कळलं की त्यांचं बालपण खरोखरच नॉरिचमध्ये गेलं होतं. आठवणीतलं पहिलं गाव नॉरिच. जन्माचं गाव कोणाला आठवतं?

कानावर पडलेलं नाव

गुंता सुटायला लागला तो 1901 च्या ‘विंडम’पासून. नॉरफोकच्या नकाशावर विंडम नावाचं गाव मला सापडेना. मग नॉरफोकच्याच एका म्हाताऱ्या शेजारणीला सहज विचारलं. तिने मान न हलवता सांगितलं, अगं, ते लिहितात वायमंडहॅम, म्हणतात विंडम.

नॉरिचच्या नैर्ऋत्येला सुमारे पंधरा किलोमीटरवरचं हे बाजाराचं गाव. स्पेलिंग लिसेस्टरशायरच्या गावाचंच, अक्षर न् अक्षर तेच. पण लिसेस्टरशायरवाले त्याला वायमंडम म्हणतात आणि नॉरफोकवाले विंडम. म्हणजे 1901 च्या प्रगणकाने कानाने ऐकलं तसं लिहिलं, आणि 1891 च्या प्रगणकाने बहुधा कागदावर पाहिलं तसं लिहिलं. उच्चाराने जे गाव ओळखलं ते स्पेलिंगने ओळखता आलं नसतं.

हा धडा सगळ्या इंग्लंडभर लागू पडतो. नॉरफोकमधल्याच हॅपिसबर्गला तिथले लोक हेझब्रा म्हणतात, कॉस्टेसीला कॉसी. हेरफर्डशायरचं लिओमिन्स्टर म्हणजे लेमस्टर. नॉर्थम्बरलंडचं ॲल्निक लिहिताना मधे ‘एल’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही असतात, बोलताना ॲनिक. अनेक भागांत बोलताना शब्दारंभीचा ‘ह’ गळतो, त्यामुळे ‘एच’ने सुरू होणारं गाव ‘ए’ किंवा ‘ओ’खाली जाऊन बसतं, उलट, नको तिथे ‘ह’ चिकटतोसुद्धा. म्हणून नकाशावर न सापडणारं नाव मोठ्याने म्हणून बघा. दोन-तीन तऱ्हांनी म्हणा. त्या काउंटीतल्या, म्हणजे नॉरफोक, केंट अशा त्या परगण्यातल्या माणसाला म्हणून दाखवा. आपल्याला तरी यात नवल वाटायला नको: शीवचं सायन आणि खडकीचं किर्की होताना आपण पाहिलंच आहे.

कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवायचा

माझा नियम असा: ज्या नोंदीत तो माणूस लहान आहे आणि आई त्याच घरात आहे, ती नोंद सगळ्यांत वजनदार. मूल कुठे झालं हे आईइतकं कोणाला माहीत असणार? पुढच्या चार नोंदी एका बाजूला आणि आईच्या घरातली एक नोंद दुसऱ्या बाजूला असेल, तरी मी आईकडे जाते.

अडचण अशी की ती नोंद सापडायला आधी आई-बाप कोण ते कळायला हवं. त्यासाठी पणजोबांचा लग्नाचा दाखला मागवला. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. (आईचं नाव टाकायला या देशाने 2021 साल उजाडू दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं. किती शोध या एका रिकाम्या जागेमुळे अडले असतील.) आमच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे लिहिलं होतं: विणकर.

मग 1851 मध्ये शोध घेतला. जन्मस्थळाची चौकट मुद्दाम कोरी ठेवली, कारण त्या एका गोष्टीवर तर भरवसा नव्हता. आडनावाची दोन अक्षरं आणि पुढे तारा (*) टाकला, म्हणजे पुढची अक्षरं कोणतीही चालतील, पहिलं नाव, वय 6 पण दोन वर्षं मागेपुढे, काउंटी नॉरफोक. एकूण नऊ मुलं आली. त्यांतल्या एकाचं पान असं होतं.

नॉरिचमधली एक गल्ली. कुटुंबप्रमुख: आई, विधवा, वय 37, धंदा धुणं. थोरली मुलगी 14 वर्षांची, रेशीम गिरणीत. मुलगा 10 वर्षांचा. मुलगा 6 वर्षांचा, हे आमचे पणजोबा. धाकटी मुलगी 3 वर्षांची. आणि शेवटून दुसऱ्या रकान्यात थोरली: नॉरफोक, वायमंडहॅम. दहा वर्षांचा: डू डू. सहा वर्षांचा: डू डू. धाकटी: नॉरिच.

ते चार शब्द किती वेळा वाचले याची मोजदाद नाही. प्रगणकाचा डू इथे थांबला होता. धाकट्या मुलीपाशी त्याने हात उचलून ‘नॉरिच’ असं पुरं लिहिलं, म्हणजे तो झोपेत उतरवत नव्हता. भावंडांची जन्मस्थळं ओळीने वाचली की घराचा प्रवास दिसतो: 1841 च्या आसपास वायमंडहॅममध्ये, 1844-45 मध्येही तिथेच, 1848 च्या सुमारास नॉरिचमध्ये. का हलले तेही शोधलं. वायमंडहॅममध्ये 1836 साली सहाशे हातमाग चालू होते, 1845 पर्यंत साठ उरले. घरात विणकर बाप आणि दहातले नऊ माग बंद. नॉरिचला जाण्यावाचून त्यांना काय इलाज होता?

म्हणून सांगते, एकट्या पूर्वजामागे धावू नका. भावंडं शोधा. भाऊ-बहिणी म्हातारपणी कुठल्या कुठे गेलेले असतात, त्यांच्या नोंदीही काढा. आमच्या थोरल्या पणजीआत्याने 1891 आणि 1901 दोन्ही वेळा ‘नॉरफोक, वायमंडहॅम’ हेच सांगितलं होतं. तिचं गाव कधी डळमळलं नाही.

मात्र भावंडांवरून अंदाज करताना पहिल्या मुलाला जपून वापरा. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत फक्त आपलीच नाही. इंग्लंडमध्येही पहिलटकरीण कितीदा आईकडे जायची आणि मूल आईच्या गावात जन्मायचं. थोरलं मूल एका गावचं आणि बाकीची दुसऱ्या गावची असं दिसलं, तर कुटुंब हललं असंच नव्हे. ते आईचं माहेर असू शकतं, आणि तसं निघालं तर तुम्हाला आजोळ फुकटात मिळालं.

पक्कं कसं करायचं

खानेसुमारीने फक्त बोट दाखवलं. पुरावा जन्माच्या दाखल्यात. आधी वयावरून जन्माची चौकट काढा. 1851 ची खानेसुमारी 30 मार्चच्या रात्रीची. त्या रात्री 6 वर्षं पूर्ण असतील तर जन्म 31 मार्च 1844 ते 30 मार्च 1845 या दरम्यानचा. दर खानेसुमारीची रात्र वेगळी आहे: 1861 ची 7 एप्रिल, 1871 ची 2 एप्रिल, 1881 ची 3 एप्रिल, 1891 ची 5 एप्रिल, 1901 ची 31 मार्च, 1911 ची 2 एप्रिल. नुसती वजाबाकी करून ‘1845’ म्हणाल तर वर्षभराने चुकाल.

मग जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, स्वतःच्या ऑनलाइन सूचीत बघा. तिथे 1837 पासूनच्या जन्मांपुढे आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. जुन्या छापील सूचीत ते सप्टेंबर 1911 च्या तिमाहीपासूनच मिळतं. माहेरच्या आडनावाची जागा मोकळी असेल तर मूल बहुधा लग्नाबाहेरचं. सूचीत गावाचं नाव नसतं, नोंदणी जिल्ह्याचं असतं. नॉरफोकचं वायमंडहॅम फोरहो जिल्ह्यात, लिसेस्टरशायरचं मेल्टन मोब्रे जिल्ह्यात. हे माहीत नसेल तर आपली नोंद समोर असून ओळखू येत नाही. आणि जन्मानंतर 42 दिवसांच्या आत नोंद करायची मुभा होती, म्हणून डिसेंबरात जन्मलेलं मूल मार्चच्या तिमाहीत सापडतं.

आम्हाला दोन उमेदवार मिळाले. तेच नाव, तेच आडनाव, एक फोरहोचा, एक मेल्टन मोब्रेचा. इथे उडी मारायची नाही. दुसऱ्या उमेदवाराचं पुढे काय झालं ते शोधून काढायचं: तो 1851 मध्ये कुठे आहे, 1861 मध्ये कुठे आहे, कधी मेला. त्याच कार्यालयाच्या मृत्यूसूचीत वयही असतं. मेल्टन मोब्रेचा मुलगा दोन वर्षांचा असतानाच गेला होता. त्या रविवारी सासऱ्यांनी ज्या दगडावरून बोट फिरवलं, तो दगड कदाचित त्याच्या घरच्यांचा असेल. फोरहोचा दाखला मागवला. जन्मस्थळ वायमंडहॅम, बाप विणकर, बापाचं नाव लग्नाच्या दाखल्यावरचंच. माहिती देणारी आई, आणि सहीच्या जागी तिची फुली.

दाखला सापडलाच नाही तर? 1875 पर्यंत मुलाची नोंद करून घेण्याचा भार नोंदणी अधिकाऱ्यावर होता, आई-बापांवर सक्तीचा नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या दशकांत काही मुलं सुटली. मग चर्चची बाप्तिस्म्याची वही. पण एक खबरदारी. 1813 पासूनच्या छापील वहीत जो पत्ता असतो तो आई-बापांच्या राहण्याचा, मुलाच्या जन्माचा नव्हे. बाप्तिस्मा कधी आठवड्याने होई, कधी चार भावंडांचा एकदम, तोही नव्या गावी. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, क्वेकर अशा वेगळ्या पंथांची घरं पॅरिशच्या (म्हणजे गावच्या सरकारमान्य चर्चच्या हद्दीच्या) वहीत पुष्कळदा सापडत नाहीत; त्यांच्या वह्या वेगळ्या.

आणखी काही गाठी

1841 ची खानेसुमारी उघडून ‘गाव कुठे आहे’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्या वर्षी गाव विचारलंच नव्हतं. फक्त ‘याच काउंटीत जन्म का’, हो किंवा नाही, आणि स्कॉटलंड, आयर्लंड, परदेश यांसाठी एकेक अक्षर. शिवाय 15 वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली ओढलेलं, 39 वर्षांचा माणूस 35 चा दिसतो. तरी ते ‘नाही’ फार कामाचं. एका घराचा दहा वर्षांचा भ्रम त्या एका अक्षराने मोडलेला मी पाहिला आहे.

काउंटीही जागच्या जागी बदलतात. 1844 च्या कायद्याने एका काउंटीचे दुसरीत अडकलेले तुकडे हलवले गेले. 1889 मध्ये लंडन काउंटी झाली, तेव्हा मिडलसेक्स, सरे आणि केंटचे भाग तिच्यात गेले. 1881 मध्ये ‘डेटफर्ड, केंट’ म्हणणारा 1891 मध्ये ‘डेटफर्ड, लंडन’ म्हणतो, तेव्हा तो गाव बदलत नसतो.

आणि कधी कधी लोक जाणूनबुजून दुसरं गाव सांगत. गरिबांना मदत देण्याची जबाबदारी त्यांच्या हक्काच्या पॅरिशची. मदत मागायची वेळ आली की माणसाला त्या पॅरिशमध्ये परत धाडता येत असे. 1846 च्या कायद्याने पाच वर्षं सलग राहिलेल्याला हलवता येईनासं झालं, पण भीती एका कायद्याने जात नाही. ‘मी इथलाच’ असं सांगण्यात अशा घरांची सुरक्षितता होती. 1834 पूर्वी लग्नाबाहेरच्या मुलाचा हक्क जन्मल्या पॅरिशमध्ये लागायचा, म्हणून दिवस भरलेल्या अविवाहित बाईला कारभारी शीवेपलीकडे ढकलायचे. अशा बाईच्या मुलाला साठ वर्षांनी जन्मगाव नीट सांगता आलं नाही, तर त्याला दोष कसा द्यायचा? तुमच्या पूर्वजाचं घर गरीब असेल तर काउंटी अभिलेखागारात या हक्काच्या चौकशांचे कागद विचारा. त्यांत माणसाच्या तोंडचा सगळा प्रवास उतरवलेला असतो: कुठे जन्मलो, कुठे वर्षभर चाकरी केली, कुठे शिकाऊ होतो.

आपल्या वाचकांना ज्याचा थेट उपयोग होईल असा एक प्रकार उरला. इंग्लंडच्या खानेसुमारीत ‘ईस्ट इंडीज’ किंवा ‘इंडिया’ एवढंच जन्मस्थळ असलेली माणसं भरपूर आहेत, बहुतेक सैनिकांची मुलं. परदेशातला जन्म असेल तर नुसता देश सांगितला तरी चालत होतं. पण सुदैवाने काही जण गावही लिहून जातात, आणि ते वाचताना इंग्रज टंकणारा थकतो. किर्की म्हणजे खडकी, टॅना म्हणजे ठाणे, सत्तारा म्हणजे सातारा, अहमदनग्गर म्हणजे नगर. दापोलीलाही छावणी होती. ही नावं आपण ऐकल्याबरोबर ओळखतो. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/3’ या क्रमांकाखाली आहेत, 1709 पासून. बंगालच्या ‘एन/1’, मद्रासच्या ‘एन/2’. पुण्यात जन्मलेल्याची नोंद ‘एन/3’मध्ये शोधायची. इंग्लंडच्या जन्मसूचीत वर्षानुवर्षं चाळत बसू नका.

1931 ची खानेसुमारी शोधू नका, तेही सांगते. इंग्लंड आणि वेल्सचे ते सगळे कागद डिसेंबर 1942 मध्ये आगीत गेले. 1941 मध्ये युद्धामुळे खानेसुमारीच झाली नाही. युद्ध सुरू होताच सरकारने केलेल्या 1939 च्या नोंदवहीत जन्मतारीख मिळते, जन्मस्थळ नाही. 1921 ची मात्र जानेवारी 2022 मध्ये खुली झाली आहे आणि तिच्यात जन्मस्थळ आहे.

सगळं जुळल्यावर वंशावळीत काय लिहायचं? जन्मस्थळापुढे मी ‘वायमंडहॅम, नॉरफोक’ लिहिलं आणि त्याखाली 1851 पासून 1911 पर्यंतच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या, चुकलेल्यासुद्धा, प्रत्येकीपुढे कोणी सांगितलं असावं हे लिहून. चुकीच्या नोंदी पुसल्या तर दहा वर्षांनी घरातलं दुसरं कोणीतरी 1891 चं पान उघडेल आणि पुन्हा मेल्टन मोब्रेच्या रस्त्याला लागेल.

मागच्या मे महिन्यात सासऱ्यांना नॉरफोकच्या वायमंडहॅमला घेऊन गेलो. तिथल्या ॲबीला, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चला, दोन मनोरे आहेत, दुरूनच दिसतात. आवारात आमच्या आडनावाचा एकही दगड सापडला नाही. विणकराच्या घरी दगडाला पैसे कुठले? सासऱ्यांनी खिशातून पणजोबांच्या जन्माच्या दाखल्याची प्रत काढली, भिंतीला टेकवून धरली, आणि त्या फुलीच्या शेजारी पेन्सिलीने पणजोबांच्या आईचं नाव लिहिलं.